पिल्लाच्या पोटातली रिकामी जागा

भैरूगढला, आमच्या शहराबाहेरच्या कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत, मी चादरी आणायला गेले होते आणि येताना कुत्रीचं पिल्लू घेऊन आले. छपाईच्या लांबलचक टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर चार पिल्लं होती. तीन झोपलेली. चौथं रंगाच्या तबकडीतून चालून आलेलं, त्यामुळे पुढचे दोन्ही पंजे लाल, आणि मान वाकडी करून माझ्या चपलेकडे बघत बसलेलं. छपाई करणाऱ्याची बायको म्हणाली, "ले जाओ दीदी, यही एक है जो दिन भर सबको ताकती रहती है." मी बँकेत नोकरी करते, पन्नाशी ओलांडलेली आहे, लग्न केलेलं नाही. फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत मी आणि आई अशा दोघीच राहतो. घरी न विचारता मी आजवर साधी खुर्चीसुद्धा आणलेली नव्हती.

 आईने पिल्लाला उचलून उताणं केलं, पोट बघितलं, हिरड्या बघितल्या, म्हणाली, "मादी आहे. अॅनिमिक नाही." आणि खाली ठेवलं. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तीस वर्षं, त्यातली बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये. गल्लीतले जुने लोक अजून तिला सिस्टरजीच म्हणतात. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे.

पिल्लू साडेसहा महिन्यांचं झालं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की पहिल्यांदा माजावर येण्याआधीच नसबंदी करून घ्या, पुढचे पुष्कळ त्रास वाचतील. या डॉक्टरबाई चाळिशीच्या आत-बाहेर असतील. देवास गेटकडून येणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचा त्यांचा दवाखाना. मी हो म्हटलं, तारीख घेतली, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात प्रश्न सुरू झाले.

मला काळजी वाटायला लागली की प्रश्न पडतात, हा माझा जुना स्वभाव. बेशुद्ध केल्यावर कुत्र्याला स्वप्न पडतं का? जीभ बाहेर काढून ठेवतात म्हणे, ती कोरडी पडत नाही का? काढलेलं गर्भाशय कुठे टाकतात? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तिला कळेल का? म्हणजे शुद्धीवर आल्यावर तिला वाटेल का, की आपल्यातलं काहीतरी कमी झालंय? बँकेत एकीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम भी ना!" आईला विचारलं. आई गिलकी चिरत होती. तुमच्याकडे घोसाळी म्हणतात तीच. ती म्हणाली, "घाबरतेस काय एवढी? पोट उघडायचं, काढायचं, शिवायचं."

"पण तिला कळेल का?"

"बायकांनाच कुठे सगळं कळायचं," आई म्हणाली आणि गिलकी कढईत टाकली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. ती रिकाम्या भांड्यापाशी जाऊन बसली. आधी भांड्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग पुन्हा भांड्याकडे. रागावलेली अजिबात वाटत नव्हती. हे असं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं जणू. मी भांडं उचलून कपाटात ठेवलं, तर ती कपाटासमोर जाऊन बसली.

आई बरोबर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी रिक्षा बोलावली तेव्हा ती इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसत दारात उभी. दवाखान्यात मला एक कागद सही करायला दिला. हिंदीत लिहिलं होतं की बेहोशीत जनावराच्या जिवाला धोका होऊ शकतो आणि ते मला मान्य आहे. मी तो तीनदा वाचला. तोवर आईने डॉक्टरबाईंना प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. वजन किती भरलं, भूल गॅसची की सुईची, नळी घालणार का, हाताशी कोण आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांचा मदतनीस भाचीच्या लग्नाला गेलाय, एक बाई आहेत, त्या भुलीकडे लक्ष देतील.

"और गॉज कौन गिनेगा?" आईने विचारलं. गॉज म्हणजे रक्त टिपायच्या पट्ट्या; एखादी पोटात राहू नये म्हणून शिवण्याआधी त्या मोजतात.

डॉक्टरबाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. "आप?"

"ओटी में थी. तीस साल."

 मग डॉक्टरबाई हसल्या. "तो आप ही गिन लीजिए, सिस्टरजी. छूना कुछ नहीं है, बस खड़े रहना है."

"खड़े रहना ही तो काम था," आई म्हणाली.

अशी माझी आई आत गेली आणि मी बाहेर राहिले. दाराला वरच्या बाजूला वहीच्या पानाएवढी काच होती. पिल्लाला माझ्या मांडीवरच एक सुई दिली होती. तिची मान हळूहळू माझ्या मनगटावर टेकली, डोळे मात्र उघडेच. मग त्या बाई तिला उचलून घेऊन गेल्या. मी काचेपाशी गेले.

आत बघितलं तर आई हिरवा गाऊन, टोपी, मास्क घालून उभी. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीशी धरलेले, बोटं एकमेकांत, कशालाही न लागणारी. ती पोज मी जन्मभर पाहत आले होते. स्वयंपाकघरात हात धुतले की आई अशीच उभी राहते, पोळ्यांच्या आधी, देवपूजेच्या आधी. मला वाटायचं सोवळ्याची सवय असेल. कधी विचारलं नव्हतं. त्या काचेतून पहिल्यांदा कळलं की ती हात निर्जंतुक ठेवून उभं राहण्याची रीत आहे, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तिच्या अंगातून गेलेली नाही. मी पिल्लाची काळजी करायला उभी होते आणि आईकडेच बघत राहिले. माझी आई कामावर कशी दिसते, हे मी त्या दिवसापर्यंत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

चाळीस मिनिटं लागतील असं सांगितलं होतं. चाळीस झाली, पन्नास झाली. डॉक्टरबाईंची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे त्यांचे हात दिसत नव्हते. एकदा त्यांनी दिवा जवळ ओढला. काहीतरी म्हणाल्या. आई एक पाऊल पुढे सरकली, हात तसेच छातीशी, आणि वाकून बघितलं. मग तीही काहीतरी म्हणाली. डॉक्टरबाईंनी मान हलवली.  दारावर टकटक करावं असं वाटलं, पण आतलं कुणाचं लक्ष विचलित झालं तर? म्हणून मी बाकावर जाऊन बसले आणि परत उठले. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. समोर एक माणूस पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "बैठ जाओ बेन, डॉक्टरनी अच्छी है." पोपट मात्र माझ्याबरोबर मान इकडून तिकडे फिरवत होता.

पावणेदोन तासांनी आई बाहेर आली. मास्क गळ्यात. चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेलं काहीतरी. दमलेली होती, पण डोळे चमकत होते.

"बरी आहे," ती आधी म्हणाली. मग, "अगं, तिला एकच बाजू आहे!"

मला काही कळेना. डॉक्टरबाई हातमोजे काढत आल्या आणि त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कुत्रीचं गर्भाशय इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं, खाली एक देठ आणि वर दोन लांब फांद्या, दोन्ही टोकांना एकेक बीजकोश. फांदी धरून वर वर गेलं की बीजकोश सापडतो. हिची डावी फांदी होती. उजवी जन्मतःच नव्हती. उजवा बीजकोश मात्र होता, आत कुठेतरी एकटा, आणि त्याच्यापर्यंत नेणारी वाटच नसल्यामुळे तो शोधण्यात वेळ गेला.

"आणि ती बाजू नसली की," आई म्हणाली, "त्या बाजूची किडनीपण बघायची असते. मी तेच म्हटलं यांना."

"मेरे मुँह की बात छीन ली सिस्टरजी ने," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाथ डालकर देखा. दाहिना गुर्दा नहीं है."

बाकी सगळं ठीक होतं. एका गुर्द्यावर कुत्री आयुष्य काढते, तिला स्वतःला पत्ताही लागत नाही. पण भूल, दुखण्यावरची औषधं, हे सगळं त्या एकाच गुर्द्यातून जायचं होतं. म्हणून संध्याकाळी घरी सोडायच्या ऐवजी रात्रभर सलाइन लावून ठेवायचं, लघवी होतेय का ते बघायचं आणि सकाळी रक्त तपासायचं ठरलं. डॉक्टरबाई वरच्याच मजल्यावर राहतात, त्या उठून बघणार होत्या.

मी विचारलं, "काढलेलं बघू का?"  डॉक्टरबाईंनी ट्रे आणला. माझ्या बुटाच्या नाडीएवढा जाड, गुलाबी, ओला धागा. टोकाला तुरीच्या दाण्याएवढा गोळा, आणि तसाच एक सुटा गोळा बाजूला. बस, एवढंच. मी पुष्कळ वेळ बघितलं. भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं ते नवलच. भैरूगढच्या त्या टेबलाखाली, तिच्या आईच्या पोटात, कुठल्या तरी दिवशी, एक बाजू करायची राहून गेली होती, आणि तरी हे पिल्लू धावत होतं, चपला पळवत होतं, खारीच्या मागे भिंतीवर चढत होतं.

तिला पिंजऱ्यात ब्लँकेटवर ठेवलं होतं. मी हाक मारली तर कान हलला, तेवढंच.

घरी आल्यावर घर मोठं वाटायला लागलं. मी आठ वाजता फोन लावला. "अभी पेशाब नहीं की," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पर घबराइए मत, होश अच्छा है." मी फोन ठेवून आईला सांगितलं. आई ताटं घेत होती. म्हणाली, "बारा तास वाट बघतात. आत्ताशी सहा झालेत."

मला जेवण जात नव्हतं. आईने माझ्या ताटात वरणभात कालवला, लहानपणी कालवायची तसा, आणि मी विचारलं, "तू असं आधी बघितलं होतंस का? माणसात?"

 कामावरचं आई घरी कधीच बोलायची नाही. बाबा होते तेव्हाही नाही. आज मात्र म्हणाली, "एकदा. एक मुलगी होती, तेवीस-चोवीसची. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी आणलेली. पोट उघडलं तर अशीच, एकाच बाजूची. गुर्दापण एकच. सर्जन म्हणाले, घरच्यांना काही सांगू नका, उगीच मुलीचे हाल करतील. फाइलमध्येही थोडंच लिहिलं."

"मग?"

"मग काय. मी तिला सांगितलं. टाके काढायच्या दिवशी, पडदा ओढून. तिचंच पोट होतं. म्हटलं, तुला एकच गुर्दा आहे, जपून राहा, कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर आधी हे सांग. आणि मूल एका बाजूवरही होऊ शकतं, हेही सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"मला विचारलं, कुठल्या बाजूचा नाहीये. मी तिच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. तिने तिथे आपला हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला."

"पुढे काय झालं तिचं? मूल झालं का?"

"मला काय माहीत? डिस्चार्ज झाला की माणूस जातो." आईने माझ्या ताटाकडे बघितलं. "जेव."

मी जेवले. मला आणखी किती तरी विचारायचं होतं. सर्जनना कळलं का, कळलं असतं तर तुझी नोकरी गेली असती का, तुला भीती वाटली नाही का. तीस वर्षांत असं किती जणींना पडदा ओढून काय काय सांगितलंस? पण ती ताटं उचलून आत गेली आणि तिने नळ सोडला. काळजीने की कुतूहलाने ते सांगता यायचं नाही, पण झोप मला धड लागलीच नाही. एका कुत्रीच्या मुतण्यासाठी देवाजवळ काय म्हणून मागावं, हेही सुचेना.

सकाळी सहाला मोबाइल वाजला. डॉक्टरबाईंनी फोटो पाठवला होता. पिंजऱ्यातला वर्तमानपत्राचा कागद, आणि त्यावर हातभर लांबीचा ओला डाग. खाली लिहिलं होतं, "सिस्टरजी को दिखा दीजिए." मी धावत आईकडे गेले. तिने चष्मा लावला, फोन खिडकीपाशी नेला, फोटो मोठा करून पाहिला.

"भरपूर आहे," ती म्हणाली. "रंगही चांगला आहे."

मी तिथेच रडले, आणि रडता रडता हसू आलं, कारण आम्ही दोघी बायका इतक्या आनंदाने काय बघत होतो!

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. दुपारी तिला घरी आणलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, पाय वाकडे पडणारे. घरात येताच तिने नरसाळं दाराला आपटलं, मग टेबलाला, मग आईच्या गुडघ्याला, आणि प्रत्येक वेळी थांबून, मान वाकडी करून आपटलेल्या वस्तूकडे बघितलं. पोटातल्या जागेबद्दल तिला काही प्रश्न पडलेला दिसला नाही. तिचे सगळे प्रश्न त्या नरसाळ्याबद्दल होते.

दहाव्या दिवशी टाके काढायला गेलो. डॉक्टरबाईंनी बारीक कात्री आईपुढे धरली. "आप निकालेंगी?" आईने घेतली. पिल्लू माझ्या हातात उताणं. आईने पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोक न्यायचा प्रयत्न केला, आणि टोक थरथरलं. तिने हात मागे घेतला, बोटं एकदा मिटली-उघडली, पुन्हा प्रयत्न केला. मग कात्री डॉक्टरबाईंच्या हातात परत दिली.

"अब नहीं होता," ती म्हणाली. आवाजात काही वाईट वाटल्याचं नव्हतं. "आप निकालिए, मैं गिनती हूँ."

आणि तिने मोजले. सात.

परतताना ई-रिक्षात पिल्लू आमच्या दोघींच्या मधे बसलं होतं, नाक वाऱ्यात. मी आईला विचारलं, "ती मुलगी कुठल्या गावची होती?"

आईने थोडा विचार केला. "तराण्याकडची असावी. की महिदपूरची." मग म्हणाली, "तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. थिएटरमध्ये काढायला लावल्या तर रडली होती. मी त्या रुमालात बांधून माझ्या खिशात ठेवल्या होत्या, शुद्धीवर आल्यावर लगेच द्यायला."

"दिल्यास?"

"दिल्या ना," आई म्हणाली आणि रिक्षावाल्याला पुढच्या वळणावर थांबायला सांगितलं, तिला कचोरी घ्यायची होती.