रोज्याच्या बदल्यात

नववीच्या धड्यात ‘रॅन्सम’ हा शब्द आला, तेव्हा मी फळ्यावर ‘खंडणी’ लिहिलं आणि पुढे गेले. पोरांना तेवढं पुरतं. संध्याकाळी शेजारच्या आपांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अर्धंच शिकवलंस.”

आपा आमच्या दिग्रसच्याच उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, अरबी वाचणाऱ्या. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर कोपरं टेकून आम्ही कैक वर्षं शब्दांवरून भांडत आलो. त्यांचं म्हणणं, खंडणी तर दुकानात बसलेल्या माणसाकडेही मागतात, त्याला कुणी पळवलेलं नसतं. रॅन्सममध्ये आधी कुणीतरी अडकलेलं असावं लागतं. इंग्रजीत तो शब्द आता बहुतेक अपहरणाच्या बातम्यांतच दिसतो. अरबीत त्याला फिद्या म्हणतात, आणि तो शब्द अजून घराघरांत वापरतात. लढाईतला कैदी सोडवायला देतात तो फिद्या. आणि आजारी माणसाला रमजानचे रोजे झेपत नसतील, तर एकेका रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालायचं, तोही फिद्याच. त्या पुढेही काही सांगत होत्या, पण माझा कुकर शिट्ट्या देत होता. मी आत गेले.

त्या वर्षी रमजानच्या तोंडावर डॉक्टरांनी आपांना रोजे ठेवायला साफ मनाई केली. दोन वेळा इन्सुलिन, त्यात मूत्रपिंडं थकलेली. त्यांची सून माझ्याकडे आली.

“आंटी, अम्मी ऐकतच नाहीत. तुमचं ऐकतील.”

मी गेले. “आपा, तुमच्या धर्मानंच रस्ता ठेवलाय. फिद्या द्या आणि मोकळ्या व्हा.”

“माझा परीक्षेचा फॉर्म भरून राहिलीस काय?” त्या म्हणाल्या. “फिद्या दिल्यावर कैदी घरी जातो. मी कुठं जाणार?”

“दवाखान्यात जायचं वाचेल.”

त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बघू.”

मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. काम लांबणीवर टाकणं मला जमत नाही. गल्लीच्या टोकाला एक विधवा राहते, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. तिला मी त्याच दिवशी सांगून टाकलं, की महिनाभर दोन्ही वेळचं जेवण आपांकडून येईल, त्यांनी फिद्या द्यायचं ठरवलंय. सुनेलाही सांगितलं. त्या बिचारीला इतकं हायसं वाटलं, की तिनं पहिल्या रोज्यापासून डबा सुरू केला. आपांनी दोन दिवस रोजा ठेवला नाही. सकाळचा चहाही प्यायल्या.

दुसऱ्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका आपांना भेटायला आल्या. कुणी फळं आणली, कुणी नुसतीच हात धरून बसली. एक म्हातारी उठताना म्हणाली, “कहा-सुना माफ करना, आपा.” हे आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला म्हणतात.

त्या गेल्यावर आपांनी मला भिंतीपाशी बोलावलं.

“जो बरा होणार असतो, तो राहिलेले रोजे नंतर भरून काढतो. ज्याला बरं व्हायची उमेदच नाही, तो फिद्या देतो. हे मी तुला सांगितलं होतं. ऐकलं नाहीस?”

मला कुकर आठवला.

“गल्लीला दवंडी दिलीस,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे उठून सहरीचं जेवण केलं, इन्सुलिन घेतलं आणि रोजा ठेवला.

शाळा सकाळची होती. दुपारी मी घरी येऊन चपला काढते तोच सुनेची हाक आली. आपा पलंगावर बसल्या होत्या. कपडे घामानं भिजले होते. मला पाहून म्हणाल्या, “वर्गात गोंगाट कसला चाललाय?” साखर उतरली होती. मी पाण्यात साखर विरघळवली आणि पेला ओठांना लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“संध्याकाळची अजान झाली नाही अजून.”

“आपा, प्या.”

त्यांनी मान वळवली. मी त्यांची हनुवटी धरली आणि चमच्यानं पाणी दातांमधून घातलं. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं. दुसरा चमचा त्यांनी गिळला, आणि गिळताना डोळे मिटून घेतले. मग ऑटो, दवाखाना, सलाईन.

संध्याकाळपर्यंत त्या पूर्ण भानावर आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातानंच थांबवलं.

“पाणी पाजलंस ते बरोबर केलंस. त्याचा गुन्हा तुझ्यावर नाही, माझ्यावरही नाही. पण मी बरी होणार नाही, हे कुणाला आणि केव्हा सांगायचं, ते मला ठरवायचं होतं.”

मग सुनेकडे वळून त्या उर्दूत बोलल्या. मला समजलं ते एवढं: डबा चालू ठेव, गेल्या वर्षीचे अकरा रोजे राहिलेत, ते थंडीत लहान दिवसांत ठेवणार होते, आता तेही डब्यातच धर. सून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी सलाईनची नळी सरळ केली, तशी गरज नव्हती तरी.

ईद झाली. शिरखुर्मा नेहमीसारखा आला, या वेळी सुनेच्या हातानं. चार दिवसांनी शाळेत जाताना त्या विधवेनं मला रस्त्यात अडवलं. ती जिनिंगला निघाली होती.

“मॅडम, ईद तं होऊन गेली. मले अजून डबा येऊन राह्यला. काहून?”

“येतोय तर जेवा.”

“जेवतोच ना. पण चुकून तं नाही येत? काल बिर्याणी होती. कायच्यासाठी देऊन राह्यल्या त्या?”

“मला माहीत नाही.”

“तुम्हाले माहीत नाही?” ती चकित झाली. “आँ? तुम्हीच तं सांगाले आल्ता मले.”

“नाही माहीत,” मी म्हटलं, आणि शाळेकडे चालू लागले.