पटवाऱ्याच्या घरचं पत्र

जुनी पत्रं गोळा करायला निघालं की पत्रं कमी आणि किस्सेच जास्त हाती लागतात! शाळेतून रिटायर झाल्यावर मी मोडी शिकलो आणि सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या नाटकवाल्यांची पत्रं शोधत चंद्रपूर-गडचिरोली पालथं घातलं. खरं सांगू? मला हवं होतं एकच पत्र. माझे खापरपणजोबा घर सोडून नाटकमंडळीत बायकांची कामं करायला गेले, ते परतलेच नाहीत. त्यांचं अक्षर तरी एकदा दिसावं, एवढीच आस.

*

सोबतीला मनोहरभाऊ, रिटायर पोस्टमन. कोणाच्याही दारात उभा राहून सांगतो, "जिंदगीभर पत्रं वाटली, आता वापस मागून राह्यलो!"

*

आलापल्लीत एका घरी नाटकवाल्याचं पत्र फ्रेम करून भिंतीवर टांगलेलं. मी हळूच म्हटलं, "भाऊ, उलटं आहे."

"राहू द्या जी," घरमालक म्हणाला, "मले दोन्हीकडून सारखंच दिसते!"

*

गडचांदूरला घराघरात सिमेंट कारखान्याची धूळ. आम्ही येणार म्हणून सूनबाईंनी पत्र ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेलं!

"पाहा सर, कसं चकाचक झालं!"

शाई साफ गेली होती. कोण जाणे, तेच पत्र असेल तर? मला रडू आवरेना. मनोहरभाऊनं घाईघाईनं चहाचा विषय काढला.

*

पत्र सापडलं ते आमच्याच नागभीडजवळ, एका जुन्या पटवाऱ्याच्या घरी. माझ्या खापरपणजीच्या नावे!

'तुझे हिरवे लुगडे नेसून उभा राहतो. लोक टाळ्या देतात. आरशात पाहिले की तूच दिसतेस.'

मी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "पण हे तुमच्याकडे कसं?"

घरच्या म्हाताऱ्या बाईंनी आजेसासूकडून ऐकलेलं सांगितलं. खापरपणजीला वाचता येत नव्हतं. घरी नेलं तर सासू पत्र चुलीत घालेल, ही भीती. म्हणून पत्र पटवाऱ्याकडेच राहिलं आणि ती रोज ऐकायला यायची. पुढे पटवारी वारले. घरात मोडी वाचणारं कोणी उरलं नाही. तिची सासूही गेली. तरी ती येतच राहिली. पत्र मांडीवर घ्यायची, घडीभर बसायची आणि परत देऊन जायची.

मी पत्र पिशवीत ठेवायला गेलो. बाईंनी माझा हात धरला.

"तिनं नेलं नाई, मास्तर. तुमी काऊन नेता?"