माहे बेटावरची दहा मिनिटं

अंजनाबाई आमच्या शाळेत पाणी भरायच्या. सुरतेतली मराठी शाळा, दोन खोल्यांची. मी तिथे शिकवत होते. त्या मूळच्या नंदुरबारकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लग्नानंतर चार वर्षांत वारला. आईवडील त्याआधीच गेलेले. मागे राहिला धाकटा भाऊ निंबा. त्याला यांनी वाढवलं, फिटरचं काम शिकायला लावलं आणि वेळेवर लग्नही लावून दिलं. मुलगी त्यांनीच पाहिली होती, धरणगावची सीता.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा, १९६१ साली, निंबा बोटीवर इंजिनखात्यात कामाला लागला आणि गेला. पुढच्या वर्षी दिवाळीला त्याचं एक पत्र आलं. आफ्रिकेच्या वाटेवर सेशेल्स नावाची बेटं आहेत, त्यातल्या माहे बेटावर आजारी पडून उतरलो, आता बरा आहे, छगनभाई नावाच्या गुजराती माणसाच्या दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाका. आम्ही टाकली. उत्तर काही आलं नाही. त्यानंतर सहा वर्षं त्याची काही खबर नव्हती.

सीता नणंदेजवळच राहिली. उधन्याच्या बाजूला त्यांची एक खोली होती. दिवसभर ती जरीच्या कारखान्यात रिळं भरायची. तिला भाऊराव नावाच्या रेल्वेतल्या एका विधुराने मागणी घातली होती. माणूस चांगला होता. पण समाजातले पंच म्हणाले, नवरा जिवंत असेल तर त्याची फारकत पाहिजे, नुसतं बायकोने म्हणून चालत नाही.

अशातच मगनभाई नावाचे जरीचे एक व्यापारी बायकोच्या भावाच्या लग्नासाठी मोंबासाला निघाले. दोन वर्षांची मुलगी सांभाळायला त्यांना बाई हवी होती. बोट माहेला एक दिवस थांबते हे ऐकल्याबरोबर अंजनाबाईंनी शाळेतून रजा मागितली. ज्या बाईने डुमसच्या पलीकडचा समुद्र पाहिला नव्हता तिने पासपोर्टच्या कागदावर अंगठा दिला. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आल्या.

"मास्तरीणबाई, फारकतीचा कागद लिहून द्या. त्याने फक्त सही करायची, असा."

मी लिहून दिला. 'मी निंबा राजीखुशीने माझी पत्नी सीता हिला मोकळी करीत आहे.' खाली सहीला जागा सोडली. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून चोळीत ठेवला.

पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, कितीतरी वेळा, आणि दर वेळी त्याच क्रमाने.

१९६९ च्या एप्रिलमध्ये बोट माहेला लागली. लागली म्हणजे दूर समुद्रातच उभी राहिली, कारण धक्क्याजवळ पाणी उथळ होतं. बोटीवरच्या माणसांनी बेट बघायला जाणाऱ्यांच्या छोट्या छोट्या टोळ्या केल्या होत्या. मगनभाईंच्या टोळीत ते स्वतः, त्यांची बायको हंसाबेन, मुलगी, एक पारशी म्हातारा-म्हातारी आणि नैरोबीला निघालेले एक मास्तर. लाँचने धक्क्यावर आणलं, तिथे उघडी मोटार आणि गवती टोपी घातलेला वाटाड्या तयार होता. साडेतीनला परतीची लाँच, ती चुकवू नका, असं त्याने दोनदा बजावलं.

मोटार निघाली आणि दुसऱ्याच मिनिटाला हंसाबेन म्हणाल्या, "जुओ, गुजराती पाटियुं!" एका दुकानावर गुजरातीत छगनभाईचं नाव होतं, ते त्यांनी मोठ्याने वाचलं.

अंजनाबाई उठून उभ्याच राहिल्या. "शेठ, मला इथं उतरू द्या. तुम्ही फिरून या. मी इथंच बसते."

मगनभाई वाईट नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मुलगी अंजनाबाईंच्या गळ्यात हात टाकून बसली होती, दुसऱ्या कुणी घेतलं की रडायची. हंसाबेन म्हणाल्या, "बेबीने कोण राखशे?" मास्तर घड्याळाकडे बघत होते. पारशीण म्हणाली, वाटाड्याचा सगळा बेत बिघडेल.

"हमणां नहीं, बेन," मगनभाई म्हणाले. "वळतां. वळतां चोक्कस ऊभी राखीशुं." परतताना नक्की थांबवू, असं.

सकाळचे नऊ वाजले होते. त्यानंतर सहा तास त्या बेट बघत होत्या. एका बागेत माणूस पाठीवर बसेल एवढी कासवं होती. एक जोडनारळ दाखवला, तो उचलायला दोघं लागले. डोंगरावर दालचिनीची झाडं होती, वाटाड्याने साल मोडून सगळ्यांच्या हातावर दिली. मग पांढऱ्या वाळूचा किनारा, तिथे जेवण. अंजनाबाई काखेत पोर घेऊन सगळीकडे मागून चालत होत्या. किनाऱ्यावर पारशी म्हाताऱ्याने फोटो काढायला सगळ्यांना तीनदा उभं केलं. "मला वाटत होतं," त्या म्हणायच्या, "की त्याचा तो डबा समुद्रात फेकून द्यावा. पण मी हसून उभी राहिले. काय करणार?"

परतताना घाटात समोरून बैलगाडी आली, तिथे वेळ गेला. दुकानापाशी मोटार थांबली तेव्हा तीन वाजून गेले होते. "दस मिनिट," वाटाड्या बोटं दाखवून म्हणाला.

दुकानात छगनभाई गल्ल्यावर होता. निंबाचं नाव घेतल्यावर त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. मागे पत्र्याची शेड होती. तिथे पोटावर तेलाचे डाग पडलेला एक जाड माणूस पाण्याचा पंप खोलून बसला होता. जवळ दोन मुलं खेळत होती आणि एक काळी, उंच बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"निंबा," अंजनाबाई म्हणाल्या, "माले वळखं का?"

तो बघतच राहिला. मग हातातला पाना खाली पडला. "आक्का? तू आठे कशी?"

आक्काला जवळ घ्यायला तो पुढे आला, पण तिच्या खांद्यावर शेठची मुलगी झोपली होती. त्याने वाकून पायाला हात लावला.

अंजनाबाईंना इतक्या वर्षांचं बोलायचं होतं. पण घड्याळ बाहेर मोटारीत होतं. त्यांनी एका हाताने कागद काढला. "रडू नको. माझ्याजवळ वेळ नाही. ही तुझी बायको का?"

त्याने मान खाली घातली.

"असू दे. मी भांडायला नाही आले. यावर सही कर. सीताला मोकळी कर. चांगला माणूस मिळतोय तिला."

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. ती उंच बाई कपडे टाकून जवळ आली आणि तिच्या भाषेत काही विचारू लागली.

"आक्का, असं तोडू नको," तो म्हणाला. "पुढला साल मी येसू. मी येऊन सगळं बघतो. पंचांसमोर बोलतो."

"तू येणार नाहीस, निंबा."

"येसू ना. आईची आण."

"सही कर!"

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा. मुलगी दचकून जागी झाली आणि किंचाळायला लागली. हंसाबेन दारात येऊन "अंजनाबेन, चालो, चालो!" म्हणत होत्या. निंबाने कागदाची घडी केली आणि आपल्या खिशात घातली. "विचार करतो. टपालाने पाठवतो."

अंजनाबाईंना तो कागद त्याच्या खिशातून ओढून काढायचा होता. पण एका हातात रडणारं पोर होतं आणि दुसरा हात हंसाबेननी धरला होता.

मोंबासाहून परतताना पुन्हा भेटेल अशी त्यांना आशा होती. ती बोट दुसऱ्या वाटेने थेट मुंबईला आली.

सुरतेत पोचल्यावर त्यांनी सीताला काही लपवलं नाही. मुलं किती, बाई कशी, तो काय म्हणाला, सगळं सांगितलं. गल्लीतल्या बायका ऐकत होत्या. सीता रडली नाही. "मुलगे का मुली?" एवढंच विचारलं.

कागद आला नाही. मी तीन पत्रं लिहिली. शेवटी मीच त्या दोघींना ओळखीच्या वकिलाकडे घेऊन गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सात वर्षं नवऱ्याची काही खबर नसली तर कायदा तो मेला असं धरतो. शेवटचं पत्र कधीचं?"

"दिवाळी बासष्ट," मी म्हटलं.

"म्हणजे या दिवाळीला सात पुरी झाली असती. पण तुम्ही तर त्याला जिवंत पाहून आलात, बाई. आणि ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. तो दुसरीबरोबर राहतो म्हणावं, तर तिथला पुरावा कुठून आणणार?"

अंजनाबाई खुर्चीत बसल्या नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या तिथेच खाली बसल्या. "मी गेलेच नसते तर?" त्यांनी विचारलं. सीताने त्यांना उठवलं, पण त्यानंतर दीड वर्ष ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. रोज दोघींची भाकरी एकाच तव्यावर भाजली जायची. भाऊरावने वर्षभर वाट पाहिली आणि भुसावळची मुलगी केली.

१९७३ मध्ये सीता बारडोलीच्या साखर कारखान्यातल्या एका टर्नरबरोबर राहायला गेली. लग्नाशिवाय. पंचांनी अंजनाबाईंना बोलावून विचारलं, तुम्ही अडवलं का नाही. त्या म्हणाल्या, "मी तिची पेटी भरून दिली." मग समाजातल्या लग्नांची बोलावणी बंद झाली.

दोन वर्षांनी सीताला मुलगी झाली. अंजनाबाई बसने बारडोलीला गेल्या. सीता नळावर गेली होती, म्हणून ओट्यावर बसून राहिल्या. शेजारची बाई बाहेर आली. "कोणाच्या तुम्ही? सीताच्या कोण लागता?"

हे अंजनाबाईंनी मला परतल्यावर सांगितलं.

"काय सांगू, मास्तरीणबाई? नणंद कशी म्हणू? मी म्हटलं, सुरतेची आहे मी. जाता जाता जरा बसले."