मायला बागी म्हटलं तेव्हा

मी दहावीत होते. त्या वर्षी राळेगावकडच्या आमच्या शिवारात बोंडअळीनं कपाशी पोखरली होती आणि डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीवर मिळेल ते औषध फवारणं चाललं होतं. फवारणी करणारा आमच्याच वस्तीतला एक माणूस दवाखान्यातून परतला, पण त्याची नजर गेली होती.

त्याच आठवड्यात माय दहा-अकरा बायांसोबत वेचणीला गेली. वावराजवळ पोचताच उग्र वास आला. माय धुऱ्यावरच, म्हणजे वावराच्या बांधावरच बसली.

"मालक, कालच फवारा मारला तुमी. चार दिवस जाऊ द्या, मंग येतो."

"कापूस गळून राह्यला माहा! तुले काय होते?"

"मंग आंधी तुमच्या घरच्याइले धाडा."

बाकीच्या बायाही तिच्याजवळ बसल्या. मालक ओरडला, "बागी झाली हे! बंडखोर!"

घरी येऊन मायनं मला विचारलं, "म्हंजे काय म्हटलं वं त्यानं मले?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडून शाळेतला जाडजूड शब्दकोश मागून आणला. बंडखोरातला 'खोर' फारसी, म्हणजे खाणारा, जसा लाचखोर. माय हसली. "लाच खानाऱ्याच्या पंगतीत बसोलं म्हना मले!" तिथंच विद्रोही सापडला. द्रोह म्हणजे दगा, दुसऱ्याचं वाईट चिंतणं. "म्या कोनाचं वाईट चिंतलं?" मग बागी. तो अरबीतला, हद्द सोडणारा.

आता मात्र तिचं हसू गेलं. "हद्द? म्या तं धुऱ्याच्या आत पायबी नाही टाकला. हद्द त्यानं सोडली."

मला कोशाचाच राग आला. कोण उलटलं ते त्यात होतं. का उलटलं, ते कुठंच नव्हतं.

दोन दिवसांनी मालकानं दुसऱ्या गावच्या बाया ऑटोत भरून आणल्या. माय रस्त्यात आडवी उभी राहिली. "बायाहो, फवाऱ्याचं वावर हाय हे. आमच्या वस्तीतल्या मानसाचे डोळे गेले." बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ऑटोवाल्याला गाडी वळवायला लावली. पाचव्या दिवशी आमच्याच बायांनी तो कापूस वेचला. मायला मात्र मालकानं बोलावलं नाही, त्या हंगामात नाही, पुढंही नाही. ती दोन कोस चालत दुसऱ्या वावरात जाऊ लागली. माफी मागायला तिला कितीजणांनी सांगितलं. ती गेली नाही.

आता आमच्या गावातल्या बाया आधी विचारतात, "फवारा कधी मारला?" उत्तर मिळेपर्यंत कोणी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधत नाही.