गाळलेला ‘दिसले’

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये एक बातमी फिरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका लेखकावर मन बसलंय! पुरावाही होता. ताई पुस्तकांच्या दुकानात शिरायच्या, पिवळ्या कव्हरचं एकच पुस्तक मागायच्या, दर वेळी तेच पान उघडायच्या, पर्समधलं पेन काढून काहीतरी लिहायच्या आणि पुस्तक परत ठेवायच्या. वाचनालयातल्या पाचही प्रतींत त्यांचं अक्षर सापडलं. ग्रंथपाल म्हणाले, “प्रेमपत्रच असणार, पण फारच त्रोटक आहे.”

बातमी खोटी होती आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ती पसरवली नाही. पण कुणी रंगवून सांगायला लागलं की थांबवलीही नाही. ताई प्रत्येक प्रतीत एकच शब्द लिहीत होत्या. ‘दिसले’.

ताई टीबीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. सत्तावीस वर्षं लोकांचे बेडके तपासतायत. ‘थुंकीताई’ हे नाव त्यांना मीच ठेवलं. कानावर गेल्यावर जिन्यात गाठून म्हणाल्या, “नाव झकास आहे हो. तुमच्या थुंकीची डबी कधी पाठवताय?”

एकदा काही कामाने त्यांच्या खोलीत गेलो होतो. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, दोन नळांचं बेसिन, त्यातला एक नळ कायमचा बंद, आणि खिडकीशी टेबलावर मायक्रोस्कोप. बेडका काचेवर पसरायचा, लाल रंग द्यायचा, धुवायचा, मग निळा रंग. जंतू असला तर निळ्यावर लाल दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतो. एका काचेवर शंभर जागा बघायच्या. मी आत शिरून “काय ताई, सापडला का कुणी?” म्हणालो, तर मान वर न करता म्हणाल्या, “सदुसष्टवर होते. आता तुमच्या कृपेने पुन्हा एकपासून.” आणि खरंच एकपासून सुरू केलं.

शंभर जागांत काही मिळालं नाही की चिठ्ठीवर लिहायच्या, ‘जंतू दिसले नाहीत.’ साहेबांनी एकदा सुचवलं की ‘जंतू नाहीत’ असा शिक्काच करून घ्या, हात दुखायचे थांबतील. ताई म्हणाल्या, “मला दिसले नाहीत, एवढंच मी सांगू शकते. आहेत की नाहीत ते फुप्फुसाला विचारा.”

ताईंचा धाकटा भाऊ बायकोसह त्यांच्याकडेच राहायचा. माणूस गमत्या, गाडी चालवायला शिकवायचा. शेजारी बसून दिवसभर “ब्रेक! ब्रेक!” ओरडून घसा बसतो, म्हणून खोकतो, असं आधी सगळ्यांना वाटलं. घसा नव्हता, टीबी होता. ताईंनी स्वतः काच बघितली. सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, तपासणीत जंतू दिसले नाहीत. मग एका शिकाऊ बाईंनी गाडीत त्याला ते पिवळं पुस्तक भेट दिलं.

पुस्तकाचा खप दांडगा होता. मीही वाचलं होतं. पंधरा दिवस सकाळी खिडकीत उभा राहून लेखकाच्या पद्धतीने श्वास सोडत होतो. बायकोने आतून विचारलं, “कुकर झाला की तुम्हीच आहात?” पुस्तकाचं म्हणणं असं, की जंतूंमुळे रोग होतच नाही. शरीरात आधी कचरा साचतो आणि मग जंतू येतात, कचऱ्यावर माशा याव्यात तसे. कचरा काढा, जंतू जातील, आणि ते गेल्यावरही गोळ्या गिळणं म्हणजे विष पिणं. पान एकशे बारावर पुरावा होता. कुणा बऱ्या झालेल्या पेशंटच्या चिठ्ठीचा धूसर फोटो, खाली ठळक अक्षरांत: ‘सरकारी लॅबच सांगते, जंतू नाहीत! मग गोळ्या कशाला?’

चिठ्ठीवर सही ताईंची होती.

हे सगळं घरात कळलं पाचव्या महिन्यात, भाऊ पुन्हा खोकायला लागल्यावर. शिकवायच्या गाडीच्या कप्प्यात, लायसन्सच्या कागदांखाली, तीन महिन्यांच्या गोळ्या न उघडलेल्या निघाल्या. आमची भिंत एकच, त्यामुळे ऐकावं लागलं.

“गाढवा, कुणी सांगितलं बंद करायला?”

“तूच.”

“मी?”

“हे बघ. सही कुणाची आहे? तुझ्या सहीवर विश्वास नको ठेवू तर कुणाच्या ठेवू?”

पुस्तक ओढून घेतल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, “मी ‘दिसले नाहीत’ लिहिलंय रे. यांनी ‘दिसले’ गाळलं. बेडक्यात हजारोंनी असतात तेव्हा कुठे शंभर जागा शोधून एखादा सापडतो. उरलेल्यांसाठीच तर पुढचे चार महिने असतात.”

“पण ताई, माशांमुळे कचरा होत नाही, हे तरी पटतं ना तुला?”

“माशी ताटावर बसायला आली तर तू ताट झाकतोस, की ताटाला दीर्घ श्वास घ्यायला सांगतोस?”

भाऊ हसला, आणि हसता हसता खोकला.

नवी काच लाल तुकड्यांनी भरलेली निघाली. पुढच्या तपासणीत कळलं की जुन्या गोळ्या आता या जंतूंवर चालत नाहीत. नवी औषधं जड होती, पोटात ठरत नव्हती, आणि कोर्स लांबलचक. भाऊ दोन दिवस घ्यायचा, एक दिवस उशीखाली सारायचा. पुस्तक मात्र उशाशी. शेवटी म्हणाला, “वाचनालयात लेखक येणार आहेत. त्यांना तोंडाने चूक कबूल करू दे. मग एकही गोळी चुकवणार नाही, तुझी शपथ.”

ताई गेल्या, मला बरोबर घेऊन. पहिल्या रांगेत बसल्या. प्रेमकथेचा उगम तिथला. भाषण संपल्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पान एकशे बारावरची चिठ्ठी माझी आहे. त्यातला एक शब्द तुम्ही गाळलाय. ते वाचून माझ्या भावाने औषध सोडलं.”

लेखक गोड हसले. “ताई, एका शब्दाने काय फरक पडतो? भाव समजून घ्या. आणि भीती सोडा.” टाळ्या पडल्या. शेजारचे एक गृहस्थ ताईंना म्हणाले, “बसा हो आता, बाकीच्यांनाही विचारू द्या.”

परतताना मी जिन्यात थांबवलं. “ताई, कोण विचारायला जातंय? सांगा, लेखकाने चूक कबूल केली म्हणून. एकदा खोटं बोललात तर आकाश कोसळत नाही. तो गोळ्या तरी घेईल.”

“बघते,” म्हणाल्या.

भाऊ दार उघडंच ठेवून बसला होता, तोंडाला मास्क. “काय म्हणाले?”

मी ताईंकडे बघत होतो. त्यांनी चपला काढून नीट लावून ठेवल्या. मग म्हणाल्या, “म्हणाले, एका शब्दाने काय फरक पडतो.”

“बघ,” भाऊ म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून ताई पेन घेऊन दुकानं फिरायला लागल्या. एका दुकानदाराने हाताला धरून बाहेर काढलं. वाचनालयाने सभासदत्व रद्द केलं. इकडे घरात गोळ्या कधी पोटात, कधी गादीखाली. आठ महिन्यांनी भाऊ गेला. खाली कट्ट्यावर तोपर्यंत त्या प्रेमकथेत लग्नाची तारीखही धरून झाली होती. मी तिथेच बसलेला असायचो. हे मी चेष्टेने लिहीत नाहीये.

महिन्याभराने प्रकाशकाकडचा एक नीटनेटका गृहस्थ आला. दार चुकून आधी माझ्याकडे, म्हणून मीच त्याला ताईंकडे घेऊन गेलो. त्याने पिशवीतून नवी आवृत्ती काढली आणि पान एकशे बारा उघडून दाखवलं. ‘जंतू दिसले नाहीत! मग गोळ्या कशाला?’ पुढचं वाक्य जागच्या जागी होतं. प्रस्तावनेत ‘एका चोखंदळ वाचक भगिनीचे आभार’ही होते.

“तुमची तक्रार दूर केली, ताई,” तो म्हणाला. “आता तरी समाधान झालं ना?”

ताईंनी दोन्ही वाक्यं वाचली, पुस्तक मिटलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

“माझा भाऊ पहिल्या आवृत्तीत गेला,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या आवृत्तीत कोण जाणार आहे, तेवढं सांगून ठेवा.”