टिबुकलीचं पाणी

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. आठवडाभर तलासरीच्या शाळेत मुलांना ‘जागेवर बसा’ म्हणून ओरडायचं आणि रविवारी डहाणूला घरी आलो की चहा अर्धा टाकून तळ्यावर पळायचं, असा माझा कार्यक्रम. तळं आमच्या चिकूच्या वाडीला लागूनच आहे, वरोरच्या बाजूला. वाडी माझा थोरला भाऊ, दादा, बघतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आणि आम्ही सहा-सात जण मिळून ते राखतो. म्हणजे जलपर्णी उपसतो, निर्माल्याच्या पिशव्या वेचतो, पक्षी मोजतो आणि एकमेकांशी भांडतो.

यंदा मार्चच्या शेवटी लव्हाळ्यातून टिबुकलीची दोन पिल्लं बाहेर आली. टिबुकली म्हणजे कबुतराहून लहान, बिनशेपटीचा, सतत बुड्या मारणारा पक्षी. तिला जमिनीवर धड चालता येत नाही. पिल्लांना तर उडताही येत नाही, त्यामुळे पाणी आटलं की त्यांना कुठे जायला जागाच नाही. आणि पाणी आटत होतं. काकांनी तळ्यात रंगाचे पट्टे मारलेला बांबू रोवला होता. दर रविवारी त्याचे दोन-दोन पट्टे उघडे पडत होते.

मला काही सुचेना. गेल्या उन्हाळ्यात आम्हीच यंत्र आणून तळ्यातला गाळ काढला होता. तळं पुरुषभर खोल केलं होतं. म्हणजे पाणी जास्त टिकायला हवं होतं की नाही? मी उन्हाला दोष दिला, मग शेजारच्या वाडीवाल्याला, मग टँकरवाल्यांना. ग्रामपंचायतीत जाऊन दोनदा आवाज चढवला. काका म्हणाले, ‘मास्तर, जरा दमानं घ्या, आधी बघू तरी पाणी जातंय कुठे.’ पण दमानं घ्यायला मला कोणी शिकवलंच नाही.

वर्गात फळ्यावर लिहितानाही मला तो बांबूच दिसे. शेवटी एका बुधवारी अर्धी रजा टाकून मी निघालो. वाडीच्या फाटकाशी पोचलो आणि मला पंपाचा आवाज आला. आमच्याच पंपाचा. रविवारी तो बंद असतो, म्हणून मला कधी ऐकूच आला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी महिनाभर घालत होतो.

तो पंप वडिलांच्या काळापासूनचा. त्याचा काळा पाइप तळ्यात सोडलेला असतो. पण एप्रिल लागला की पंप आपसूक बंद पडायचा, कारण पाणी खाली गेलं की पाइपच्या तोंडाशी गाळ यायचा. इतकी वर्षं तळ्याचं शेवटचं गुडघाभर पाणी त्या गाळानंच वाचवलं होतं. तो गाळ आम्ही हौसेनं उपसला. आणि मग पुढचं आठवलं. खोदाईच्या वेळी तो पाइप मीच काठावर ओढून ठेवला होता आणि काम झाल्यावर मीच परत टाकला होता. तोही नेमका सर्वांत खोल जागी. वाडीत वाढलेल्या माणसाला पाइपचं तोंड कुठे सोडायचं हे सांगावं लागत नाही. हात आपोआप तिकडेच जातो.

दादा झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवत होता.

‘पंप बंद कर आधी,’ मी म्हणालो.

‘का रे? आज शाळा नाही?’

‘तळ्यात पिल्लं आहेत. पाणी संपलं तर मरतील.’

तो फावडं टेकून उभा राहिला. ‘अरे, पण तळं तूच खोल केलंस ना? पाइप तूच टाकलास आत. मला वाटलं, मास्तरला एकदाची वाडीची आठवण झाली. घरात सगळ्यांना सांगितलं मी. म्हणून तर खोदाई चालली होती तेव्हा तुमच्या लोकांना रोज पोहे पाठवत होतो.’

खरं तर तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक आपली असली की मला जास्तच चेव येतो. ‘तुला काय त्याचं,’ मी म्हणालो, ‘तुझे चिकू भरले म्हणजे झालं!’

दादा ओरडला नाही. ‘हे चिकू कोणाचे ते ठाऊक आहे का तुला?’ त्यानं विचारलं. ‘माझ्या ओळी विहिरीवर आहेत. उन्हाळ्यात विहीर सगळ्यांना पुरत नाही. तळ्याकडच्या या चार ओळी तुझ्या. वाटणीत तुला आल्यात. यांच्यासाठी लावतो मी पंप.’

वाटणीच्या कागदावर मी कधीच सही केली होती, पण कोणती झाडं माझी हे विचारायला मला सवड झाली नव्हती. दरवर्षी तो चिकूच्या करंड्या पाठवायचा आणि मी त्या शाळेत ‘घरचे आहेत’ म्हणून ऐटीत वाटायचो. मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

‘झाडं तुझी आहेत,’ तो म्हणाला. ‘तू सांग. करू बंद?’

‘कर,’ मी म्हणालो.

तो गेला आणि खटका पाडून परत आला. अर्ध्या भिजलेल्या आळ्यांकडे बघत उभा राहिला. एका फांदीचे हिरवे, सुपारीएवढे चिकू त्यानं तळव्यात धरून पाहिले. ‘गळतील आता,’ म्हणाला, आणि फांदी अलगद सोडून दिली. ती झाडं लहानाची मोठी त्यानं केली होती. माझ्या नावावर होती म्हणून मी एका शब्दात सोडून मोकळा झालो, आणि जीव त्याचा तुटत होता.

आम्ही दोघांनी मिळून पाइप बाहेर ओढला. चिखलानं माखलेले हात पंच्याला पुसत दादा काठावर बसला.

‘कुठे आहेत ती तुझी पिल्लं?’ तो म्हणाला. ‘दाखव तरी.’