गुरुराजअण्णांच्या दोन काविळी

चिकपेठेतल्या रेशमी साड्यांच्या दुकानात गुरुराजअण्णा साडी दाखवायचे ती स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून. सत्तावन्न साली असाच एक हळदी रंगाचा पदर त्यांनी घेतला, तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, "अण्णा, साडी कुठे संपते आणि तुम्ही कुठे सुरू होता, कळत नाही." आरशात पाहिलं तर डोळेसुद्धा पिवळे.

त्याआधी तीन महिने त्यांनी अशक्तपणासाठी गल्लीतल्या प्राणेश कंपाउंडरकडून ताकदीची बारा इंजेक्शनं घेतली होती. सगळ्या गल्लीला सुई एकच, मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा फिरवलेली. पण सुईचा आणि काविळीचा संबंध तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. पिवळेपणा उतरल्यावर इस्पितळातल्या डॉक्टर वसुमतीबाईंनी पोट चाचपून सांगितलं, की यकृत अजून सुजलेलं आहे, दर तीन महिन्यांनी दाखवत जा. अण्णा एकदाही गेले नाहीत. उजव्या कुशीत जडपणा राहिला, जिना चढताना पाय गळायचे. पण त्यांनी बायकोला, अहल्याक्कांना, त्याचा पत्ता लागू दिला नाही. अडचण अशी, की अण्णा एव्हाना गल्लीतले काविळीचे जाणकार झाले होते. उसाचा रस किती, मुळ्याचा पाला कधी, हे लोक त्यांना विचारायला यायचे. शेवटी ते छाती पुढे काढून सांगत, की कावीळ माणसाला एकदाच होते. आपण आता पक्के झालो.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात गल्लीतला नळाचा पाइप गटाराशेजारी फुटला आणि घरोघर कावीळ शिरली. अहल्याक्का पाणी उकळू लागल्या. अण्णा मात्र नळाखाली ओंजळ धरून पीत, तेही शेजाऱ्यांना दिसेल असे. स्वल्प, थोडं तरी, उकळलेलं घ्या की, म्हणून अक्कांनी विनवलं, तर त्याला चव नसते म्हणाले.

महिन्याभरात ते आडवे झाले. या वेळी पोटात पाणी झालं, चौथ्या दिवशी बोलणं भरकटलं. इस्पितळाच्या खाटेवर ते चादर हातावर मोजून नर्सला विकायला निघाले. काठ पक्का आहे, रंग जाणार नाही, असं समजावू लागले. नर्सला हसू आलं. अहल्याक्कांना आलं नाही. चादर मी घेतली, बांधून ठेवा, असं त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे अण्णा निजले.

तीन आठवड्यांनी नीट शुद्धीवर आल्यावर अण्णांनी वसुमतीबाईंकडे तक्रारच केली, की एकदा झालेली कावीळ पुन्हा झालीच कशी.

"ही ती नव्हेच," बाई म्हणाल्या. "माझ्या मते पहिली सुईतून आली, ही पाण्यातून. तपासायचं साधन माझ्याकडे नाही, पण पोट सांगतंय की पहिली कधी गेलीच नव्हती. सहा वर्षं आत बसून होती. तिच्यावर ही दुसरी येऊन पडली. गल्लीतली बाकीची माणसं पंधरा दिवसांत उठली, तुम्ही मरता मरता वाचलात."

अण्णांनी चादरीचा काठ सरळ केला. मग हळूच म्हणाले, "सरी, बरं. पण हे गल्लीत नका सांगू."

गल्लीत सांगितलं ते त्यांनी स्वतःच. घरी आल्यावर शेजारच्या गंगव्वा जावयासाठी पथ्य विचारायला आल्या. अण्णांनी मुळ्याच्या पाल्यापासून सुरुवात केली, मध्येच थांबले आणि सुई, पाणी, सहा वर्षं लपवलेला जडपणा, सगळं सांगून टाकलं. अहल्याक्कांनी आतून ते प्रथमच ऐकलं. त्या दिवशी त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पुढे मात्र दर तीन महिन्यांनी त्याच त्यांना टांग्यात घालून वसुमतीबाईंकडे न्यायच्या.

अण्णांना पूर्वीची ताकद आली नाही. दुकानाने त्यांना बसून करायचं काम दिलं. उरलेल्या वेळात त्यांनी फुटक्या पाइपासाठी पालिकेला कानडीत अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या. चौथ्या अर्जानंतर पाइप बदलायला माणसं आली ती नेमकी दुपारी, अण्णांचा डोळा लागला असताना. अहल्याक्का उठवायला गेल्या. त्यांचा गाढ झोपेतला थकलेला चेहरा पाहून थबकल्या, हातोड्यांचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी ओढून घेतली आणि पदर खोचून पाइपावर देखरेख करायला स्वतःच बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.